तूप खा, पण खोटी साक्ष काढू नका

रानात चरणाऱ्या देशी गाईच्या तुपात ‘सीएलए’ नावाचं आम्ल असतं. या आम्लाने पोटावरची चरबी झडते, साखर आटोक्यात राहते, कर्करोग जवळ फिरकत नाही, हे परदेशी प्रयोगशाळांनी सिद्ध केलंय. तेव्हा हे तूप म्हणजे नुसतं अन्न नव्हे, औषध, आणि औषधाला औषधाचा भाव पडणारच. सेंद्रिय मालाच्या प्रदर्शनात, बरणीला बांधलेल्या चिठ्ठीवर, योगवर्गानंतरच्या गप्पांत आणि व्यायामशाळेच्या आरशासमोर हा युक्तिवाद आता इतका रुळलाय की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्याची पुढची पायरी आमच्याकडे येऊन पोचते. अशी रानातली गाय शिल्लक कुठे आहे? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात. मग पोंभुर्ण्यासारख्या तालुक्यांनी नुसत्या धानाच्या मागे लागण्यापेक्षा रानगाईच्या तुपाचा ब्रँड का करू नये, असा सल्ला शहाणीसुरती माणसं देऊ लागतात.

या सल्ल्याला उत्तर देणं भाग आहे. देणाऱ्यांचा हेतू वाईट नाही आणि त्यात सगळंच खोटंही नाही. म्हणूनच तो चिवट आहे. निव्वळ थाप चार दिवसांत उघडी पडते; खऱ्या गोष्टीच्या खांद्यावर बसलेली थाप वर्षानुवर्षं मिरवते. हा युक्तिवाद चार पायऱ्यांचा आहे. पहिली पक्की, दुसरी अर्धी, तिसरी ढासळलेली आणि चौथी ज्यांच्या भल्यासाठी बांधली म्हणतात त्यांच्याच अंगावर येणारी. एकेक तपासू.

पहिली पायरी विनातक्रार मान्य करू. सीएलए, म्हणजे कॉन्ज्युगेटेड लिनोलेइक अ‍ॅसिड, हे थोतांड नाही. चाऱ्यात आणि ढेपेत लिनोलेइक आम्ल असतं. गाय असो, म्हैस असो, शेळी असो की मेंढी, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात ब्युटिरिव्हिब्रिओ फायब्रिसॉल्व्हेन्ससारखे जिवाणू या आम्लातले दुहेरी बंध आधी जागचे हलवतात आणि मग एकेक करून मोडतात. या मोडतोडीत वाटेत तयार होणारा एक पदार्थ म्हणजे सीएलए. त्यातला थोडा थेट दुधात उतरतो. दुधातलं बरंचसं सीएलए मात्र कासेतच घडतं, पोटातून रक्तावाटे आलेल्या व्हॅक्सेनिक आम्लापासून. १९९१ साली ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात आर. पी. अनेजा आणि टी. एन. मूर्ती यांनी भारतीय तुपातल्या सीएलएकडे जगाचं लक्ष वेधलं. दही विरजून, घुसळून, लोणी कढवून केलेल्या तुपात ते चांगल्या प्रमाणात सापडतं, असं त्यांचं काम सांगतं. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पण शोधाची कथा सांगायची तर अख्खी सांगावी. सीएलएच्या औषधी गुणाचा शोध गोठ्यात लागला नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल परीझा हे शास्त्रज्ञ १९७०च्या दशकाच्या अखेरीस भाजलेल्या गोमांसात कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्यं शोधत होते. शोधता शोधता त्यांना त्याच अर्कात उलट्या गुणाचं, पेशींमधल्या घातक बदलांना अडवणारं काहीतरी सापडलं. १९८७ साली त्यांच्या गटाने ते द्रव्य ओळखलं. ते सीएलए होतं. म्हणजे गोमातेच्या नावाने ज्या आम्लाची आरती होते, त्याचा हा गुण पहिल्यांदा सापडला हॅम्बर्गरच्या मांसात. कुणाच्या श्रद्धेला डिवचण्यासाठी हे सांगत नाही. मुद्दा इतकाच की हे आम्ल रवंथाचं आहे. बोकडाच्या मटणात आहे, मेंढीच्या दुधात आहे, म्हशीच्या लोण्यात आहे. त्याला वंश नाही, गोत्र नाही, देशी-विदेशी कळत नाही.

इथून दुसऱ्या पायरीवर येऊ. हिरव्या चाऱ्यावर पोसलेल्या जनावराच्या दुधात सीएलए जास्त असतं, हे खरं. १९९९ साली टी. आर. धीमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिनमध्येच केलेल्या अभ्यासात फक्त कुरणावर चरणाऱ्या गाईंच्या दुधातल्या प्रत्येक ग्रॅम स्निग्धांशात सुमारे २२ मिलिग्रॅम सीएलए भरलं. गोठ्यात बांधून मुरघास आणि धान्य खाणाऱ्या गाईंच्या तुलनेत ते कित्येक पट होतं. ‘रानातली गाय’ म्हणणाऱ्यांचा सगळा भर याच निष्कर्षावर असतो. पण त्या गाई कोणत्या होत्या? होल्स्टिन. आपल्याकडे ‘जर्सी-होल्स्टिनचं दूध म्हणजे विष’ असं सांगणारेच लोक होल्स्टिनच्या दुधावर झालेला प्रयोग देशी गाईच्या खात्यावर जमा करतात. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस! फरक चाऱ्याचा होता, जातीचा नव्हता. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं. आदर हा शासननिर्णयाचा विषय होऊ शकतो; स्निग्धांशातल्या मिलिग्रॅमचं प्रमाण शासननिर्णयाने वाढत नाही.

आता जो चारा मोजला तो चारा इथे आहे का, ते पाहू. विस्कॉन्सिनचं कुरण म्हणजे लुसलुशीत, राखलेलं, कोवळं गवत. पोंभुर्णा तालुका वैनगंगेच्या पश्चिमेला, पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातली चामोर्शी. इथे धानाच्या बांध्या आणि त्यांना खेटून जंगल. इथल्या गाईचं वर्ष कसं जातं? मृगाचा पाऊस पडला की बांधावर आणि जंगलाच्या कडेला गवत फुटतं. सकाळी आखरावर ढोरं जमतात, गुराखी त्यांना घेऊन निघतो, दिवस कलता परत आणतो. पोळ्याच्या सुमारास जनावर अंगाने भरलेलं असतं आणि दूधही असतं. हे सुगीचे दिवस दिवाळीपर्यंत, फार तर थोडे पुढे. मग धान कापलं जातं, मळणी होते आणि घरामागे तणसाचा ढीग उभा राहतो. त्यानंतर गवत पिवळं पडतं, वाळतं, काही ठिकाणी जळतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५-४६ अंशांच्या पुढे जातो तेव्हा गाय तणस चघळते, झाडाचा पाला ओरबाडते आणि पाण्याच्या शोधात फिरते. धानाच्या तणसात स्निग्धांश जवळजवळ नसतो. ज्या आम्लापासून सीएलए व्हायचं ते आम्लच चाऱ्यात नसेल तर पोटातल्या जिवाणूंनी काय हवेतून आणावं? म्हणजे ‘रानातल्या गाईचं तूप’ हे शब्द श्रावणात खरे आणि वैशाखात जाहिरातीपुरते. बरणीवर महिना लिहिलेला नसतो.

इथलं जनावर कशासाठी पाळलं जातं, हेही पाहिलं पाहिजे. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या ‘कथाणी’ गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर अलीकडेच नोंद झाली. ही जात ओळखली जाते ती बैलांसाठी. धानाच्या चिखलात नांगर ओढणारा, काटक, कमी चाऱ्यावर तगणारा बैल हे तिचं देणं. दूध थोडंच, आणि त्यातलं निम्मं वासराचं. त्या वासरातून पुढचा बैल उभा राहायचा असतो. दुधाचा डेअरी-हिशेब या जनावराला लावणं हाच मुळात बादरायण संबंध.

तिसरी पायरी म्हणजे औषधाचा दावा. या दाव्याचा पुरावा म्हणून जे प्रयोग दाखवले जातात, ते तुपाचे नाहीतच. ते गोळ्यांचे आहेत. आणि त्या गोळ्यांतलं सीएलए येतं कुठून? मुख्यतः करडईच्या तेलापासून, काही वेळा सूर्यफुलाच्या. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे तीन चतुर्थांश असतं. कारखान्यात अल्कलीची प्रक्रिया करून त्यातले बंध सरकवतात आणि कॅप्सूलमध्ये भरतात. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात जी करडई पिकायची आणि जिच्याखालचं क्षेत्र आपण डोळ्यांदेखत आटू दिलं, तिच्याच तेलावर प्रक्रिया करून जगभर ‘फॅट बर्नर’ विकले जातात. त्या गोळ्यांच्या चाचण्यांची कात्रणं मग तुपाच्या बरणीला चिकटवली जातात.

गोळी आणि तूप यांत फरक काय पडतो, असं कुणी विचारेल. फार पडतो. सीएलए हे एकच द्रव्य नाही. बंधांच्या जागेनुसार त्याचे अनेक प्रकार होतात. दुधातुपातलं बहुतांश सीएलए ‘सिस-९, ट्रान्स-११’ या प्रकारचं असतं. त्याला रुमेनिक आम्ल म्हणतात. गोळीत हा प्रकार साधारण निम्मा आणि उरलेला निम्मा ‘ट्रान्स-१०, सिस-१२’. अंगातली चरबी कमी करण्याचा जो काही गुण प्रयोगांत दिसला तो या दुसऱ्या प्रकाराचा, आणि तुपात तो नावापुरताच असतो. म्हणजे चरबी झडवण्याचं श्रेय ज्याला मिळालं तो प्रकार तुमच्या बरणीत जवळजवळ नाहीच.

बरं, गोळ्यांनी तरी काय दिवे लावले? १९९७ साली उंदरांवरच्या प्रयोगात सीएलए खाऊ घातलेल्या उंदरांची चरबी निम्म्याहून अधिक घटली. बातमी जगभर गेली. माणसांवर प्रयोग झाले तेव्हा हवा निघाली. २००७ साली लिआ व्हिगम आणि सहकाऱ्यांनी अठरा चाचण्या एकत्र तपासल्या. रोज सरासरी ३.२ ग्रॅम सीएलए घेणाऱ्यांची चरबी, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, आठवड्याला सुमारे ९० ग्रॅमने जास्त घटली, आणि तीही पहिले काही महिने. २०१२ साली सहा महिने किंवा त्याहून लांब चाललेल्या चाचण्यांचा आढावा घेतला गेला. वजनातला फरक भरला सुमारे ७०० ग्रॅम. वैद्यकीय दृष्ट्या याला फारसा अर्थ नाही, असं आढावा घेणाऱ्यांनीच लिहिलं. अर्धा-पाऊण किलो फरक तर सकाळ-संध्याकाळच्या वजनात पडतो.

साखरेचं काय? स्वीडनमध्ये उल्फ रिसेरस यांनी पोट सुटलेल्या साठ पुरुषांवर बारा आठवड्यांची चाचणी घेतली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. शुद्ध ‘ट्रान्स-१०, सिस-१२’ घेणाऱ्या गटात इन्सुलिनला होणारा विरोध १९ टक्क्यांनी वाढला, रक्तातली साखर वाढली आणि चांगलं समजलं जाणारं एचडीएल कोलेस्टेरॉल घटलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला जे नको तेच झालं. २०१० साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सीएलएच्या आरोग्यविषयक दाव्यांची छाननी केली आणि कार्यकारणभाव सिद्ध होत नाही म्हणून ते नाकारले. ‘परदेशी प्रयोगशाळांनी सिद्ध केलंय’ म्हणणाऱ्यांनी परदेशी छाननीचा हा निकालही वाचायला हवा.

कर्करोगाबाबत चित्र जरा गुंतागुंतीचं आहे, म्हणून तिथे घाई करू नये. उंदीर-घुशींवरच्या प्रयोगांत सीएलएने स्तनाच्या गाठी रोखल्याचं वारंवार दिसलं. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेतही गाईचं तूप आणि सोयाबीन तेल यांची तुलना घुशींवर झाली आणि २०११ साली तुपाच्या बाजूने निष्कर्ष छापून आला. पण माणसांकडे वळलं की साक्षी फुटतात. स्वीडनमध्ये साठ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत साय असलेले दुग्धपदार्थ जास्त खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी दिसला. नेदरलँड्सच्या पाहणीत मात्र सीएलए जास्त पोटात जाणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग कमी दिसला नाही. उलट किंचित जास्त दिसला. दोन्ही पाहण्या आहेत, प्रयोग नव्हेत, आणि दूध-चीज खाणाऱ्या माणसाच्या बाकीच्या सवयी त्यांतून पूर्ण वेगळ्या काढता येत नाहीत. एवढ्या साक्षीवर ‘कर्करोग जवळ फिरकत नाही’ असं लिहिणं म्हणजे आजारी माणसाच्या भीतीवर धंदा करणं. १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने कर्करोग, मधुमेह आणि लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातींवर बंदी घातली ती याच कारणाने. अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. बरणीवरची चिठ्ठी ही जाहिरातच असते.

सगळे वाद बाजूला ठेवून नुसता गुणाकार केला तरी दावा उरत नाही. चाचण्यांत रोज ३.२ ग्रॅम सीएलए दिलं गेलं. एका ग्रॅम तुपात १० मिलिग्रॅम धरलं तर तेवढ्यासाठी रोज ३२० ग्रॅम तूप खावं लागेल. त्यातून जवळजवळ २,९०० कॅलरी मिळतील. विस्कॉन्सिनच्या कुरणातलं २२ मिलिग्रॅमचं उत्तम तूप घेतलं तरी रोजचं १४५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या आहारात वरून घ्यायचं तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम आहे. शिवाय तुपातला साठ टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त स्निग्धाम्लांचा. वजन कमी करण्यासाठी दिवसाला पाव-पाव किलो तूप खाणारा माणूस कुणाला ठाऊक असेल तर त्याने त्याचं वजन जरूर कळवावं.

‘ए-टू तूप’ नावाचा प्रकार याच कुळातला. ए-वन, ए-टू हा भेद दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाचा. तुपात प्रथिन जवळपास नसतंच. लोणी कढवताना ते बेरीत जातं. तरी बाजारात ए-टू तूप दामदुपटीने खपतं. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असे दावे काढून टाकायला सांगितलं आणि पाच दिवसांत तो आदेश मागे घेतला. विज्ञान मागे घेतलं गेलं नाही, फक्त आदेश घेतला गेला.

याचा अर्थ तूप वाईट, असा काढू नये. तुपाला गुन्हेगार ठरवण्याचा काळही आपण पाहिला. शेजारच्या गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांना १९९५ साली हृदयविकाराचा झटका आला. त्यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाने डीन ऑर्निश यांच्या अत्यल्प स्निग्ध आहाराची ओळख मराठी घरांना करून दिली. आज दुग्धजन्य स्निग्धांशाकडे शास्त्रज्ञ तेव्हापेक्षा सौम्य नजरेने पाहतात. २०१८ साली २१ देशांतल्या एक लाख ३६ हजार लोकांच्या पाहणीत दूध-दही खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त नाही, उलट कमी दिसलं. ते दूध आणि दह्याबद्दल होतं. वरणभातावर चमचाभर तूप घेणाऱ्याने घाबरण्याचं कारण नाही, एवढा निष्कर्ष काढायला ते पुरेसं आहे. चमचा हातात घेऊन औषधाची मात्रा मोजायला ते पुरेसं नाही.

आता चौथी पायरी, आणि माझं खरं भांडण तिच्याशी आहे. या जंगलपट्ट्याचं ताट बाहेरच्यांनी एका रसायनाकडे बोट दाखवून ठरवण्याची ही पहिली वेळ नव्हे. लाखोळीच्या डाळीचं काय झालं ते आठवा. बांधीतलं धान कापायच्या आधी ओलीवर लाखोळी आणि जवस फेकायचे, धान निघालं की मागे ती पिकं वर येतात; नांगरट नाही, पाणी नाही, खर्च नाही. झाडीपट्टीच्या गरीब घरात डाळ यायची ती अशी. १९६१ साली केंद्राने लाखोळीच्या विक्रीवर बंदीचं हत्यार उपसलं. १९६४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं ओडॅप हे द्रव्य शोधून काढलं. पायातलं बळ जाण्याचा तो रोग खरा होता. पण तो व्हायचा दुष्काळात, दुसरं काही नसताना महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळीच खाल्ली तर. भाताबरोबर वाटीभर डाळ खाणाऱ्याचं ते दुखणं नव्हतं. तरी एका द्रव्यावरून अख्खं अन्न विष ठरलं. पुढे नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षं उपोषणं, आंदोलनं केली. महाराष्ट्रातली बंदी उठायला २००८ उजाडलं. तोवर जवळपास अर्धं शतक ज्याच्या बांधीत हे पीक होतं त्याला त्याचा उघड बाजार नव्हता.

ओडॅपवरून लाखोळीला विष ठरवणं आणि सीएलएवरून तुपाला औषध ठरवणं, ही चूक एकच आहे. किती खाल्लं, कशाबरोबर खाल्लं, कुणी खाल्लं, हे तीन प्रश्न दोन्ही वेळा गाळले गेले. पहिल्या वेळी निंदेने पीक बाजारातून गेलं. या वेळी स्तुतीने दूध घरातून जाईल.

घरातून म्हणजे कसं, ते पाहा. चार टक्के स्निग्धांशाचं दूध धरलं तर एक किलो तुपाला पंचवीस ते तीस लिटर लागतं. गावठी गाय वासराला सोडून दिवसाला फार तर दीड लिटर देते. म्हणजे एका गाईचं दोन-तीन आठवड्यांचं सगळं दूध एका बरणीत जातं. पंचवीस लिटर दूध म्हणजे एका पोराचं शंभर दिवसांचं पाव-पाव लिटर. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, ३६ टक्के कमी वजनाची आणि जवळपास २६ टक्के उंचीच्या मानाने रोड निघाली. या पोरांच्या ताटात भात आहे. कमी पडतात ते स्निग्धांश, प्रथिनं आणि अ जीवनसत्त्व. त्यांना चरबी झडवणारं आम्ल नको आहे, चरबी हवी आहे. दुधातली निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते. हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत गाईच्या लोण्याला जो पिवळा रंग येतो तो कॅरोटीनचा, आणि त्यातून अ जीवनसत्त्व मिळतं. त्या गुणाची जाहिरात कुणी करत नाही, कारण तो गुण शहरातल्या सुटलेल्या पोटाच्या कामाचा नाही.

तूप विकलं तरी ताक घरात राहतं, हे खरं आहे. ताकात प्रथिन आहे, कॅल्शियम आहे. पूर्वी गावोगाव असंच चालायचं आणि ते सर्वस्वी तोट्याचं नव्हतं. पण वाढत्या पोराची दुधाची तहान ताकावर भागवा, असं धोरण म्हणून सांगणं वेगळं. आणि भाव जितका चढा तितकं घरात काय ठेवायचं याचा निर्णय पोराच्या विरुद्ध जाणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

‘आपले पूर्वज तूप खायचे, म्हणून धडधाकट होते’ हा युक्तिवाद तर इथे पाय ठेवल्याबरोबर कोसळतो. कुणाचे पूर्वज? मध्य भारतातल्या गोंड, माडिया समाजांत गाईचं दूध काढण्याची रीत परंपरेने नव्हतीच किंवा फार थोडी होती; दूध वासराचं, बैल शेताचा. या भागातली स्निग्धता यायची जवसातून, तिळातून, मोहाच्या बियांच्या तेलातून, मासोळीतून, क्वचित मटणातून. आदिवासींच्या निरोगी जीवनाचं रहस्य म्हणून बरणीवर जे चित्र छापतात त्यातल्या माणसाने ते तूप बहुधा चाखलेलंच नसतं. आणि मी जवसाचं नाव घेतलं म्हणून उद्या कुणी जवसाच्या गोळ्या काढून त्यांनाही अमृत म्हणू नये. जवसाची चटणी भाकरीशी आणि भाताशी खायची असते, एवढंच तिच्याबद्दल पुरे.

रानात चराई म्हणजे काय, हेही शहरातल्या गिऱ्हाइकाला सांगायला हवं. बरणीवरच्या चित्रात गाय असते, गवत असतं, मागे डोंगर असतो. वाघ नसतो. ताडोब्याच्या भोवतालच्या आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, पोंभुर्णा या पट्ट्यातल्या जंगलात वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात, आणि त्यांत ढोरांमागे गेलेल्या गुराख्यांचा मोठा वाटा असतो. वनखातं चराईला मज्जाव करतं ते त्यासाठीही. शासन नुकसानभरपाई देतं. माणूस देत नाही. ‘जंगलात चरणारी’ या दोन शब्दांना जास्त भाव मिळतो म्हणून जास्त ढोरं आणि जास्त माणसं जंगलात पाठवायची, असा हा धंद्याचा मार्ग आहे. जास्तीचा नफा बरणी भरणाऱ्याला आणि जास्तीची जोखीम आखरावरच्या माणसाला.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. गरिबाच्या तुपाला चार पैसे जास्त मिळत असतील तर तुम्ही आडवे का येता? मी आडवा येत नाही. चांगल्या तुपाला चांगला भाव मिळावा. धानाच्या भावाने ज्यांचं कंबरडं मोडलं त्यांना तो मिळालाच पाहिजे. पण खोट्या दाव्यावर उभा राहिलेला भाव दाव्याबरोबर पडतो, आणि पडतो तेव्हा व्यापारी दुसऱ्या बरणीकडे वळतो. गाई वाढवून बसलेला माणूस जागच्या जागी राहतो. शिवाय या धंद्यात बरणी भरायला थोड्या गाईंचं दूध कधीच पुरत नाही. मागणी वाढली की भेसळ येणार, कुठलंही लोणी ‘रानातलं’ होणार आणि बदनाम होणार ते गावाचं नाव.

दुसरा आक्षेप आयुर्वेदाचा. तुपाला आयुर्वेदाने थोर मानलंय, मग तुमच्या चाचण्यांची पत्रास कशाला? ठीक. मग आयुर्वेदाच्याच भाषेत बोला: प्रकृती, अग्नी, ऋतू, मात्रा. त्या शास्त्रात तूप सर्वांना, सर्वकाळ, हवं तितकं असं कुठे आहे? आणि सीएलएचं नाव घेतलंत की तुम्ही दुसऱ्या दरबारात उभे राहिलात. तिथला निकाल मग मान्य करावा लागतो. सोयीची साक्ष तिथली आणि निकाल विरुद्ध गेला की अपील इथे, हे चालायचं नाही.

मागणं फार नाही. बरणीवर तूप लिहा. कोणत्या गावचं, कोणत्या महिन्याचं, गाईचं की म्हशीचं, दह्याच्या लोण्याचं की थेट सायीचं, ते लिहा. रोगांची नावं खोडा, सीएलए खोडा, ए-टू खोडा. गुराख्याची मजुरी आणि विमा त्या भावात धरा. आणि तालुक्याच्या दुधाची योजना आखायची असेल तर आधी अंगणवाडीच्या पातेल्यापर्यंत दूध कसं पोचेल ते ठरवा. त्यातून उरलं तर कढवा. पोंभुर्ण्याच्या दुधावर पहिला हक्क पोंभुर्ण्याच्या पोराचा आहे, आणि तो सिद्ध करायला कोणत्याही आम्लाची साक्ष लागत नाही.